पाईन रिजचे सात दिवस, एक क्विल्ट आणि दोन इना

गेली सहा वर्षं मी मिनिआपोलिसला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिथं वरच्या मजल्यावर एक नर्स आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. रात्रपाळीत पहाटे तीनला आमची जेवणाची सुट्टी एकत्र यायची, त्यातून ओळख झाली. मी डब्यात पिठलं भात नेलेला, तिनं विचारलं हे काय, मी म्हणलं इंडियन फूड, तर ती म्हणाली आमच्याकडं असलं नसतं. मग मला कळलं की ती पण इंडियनच, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओग्लाला लकोटा जमातीची, साउथ डकोटातल्या पाईन रिज रिझर्वेशनची (रिझर्वेशन म्हणजे मूळ रहिवाशांना राखून ठेवलेला प्रदेश). त्या रात्री ती म्हणाली, कोलंबसाची चूक झाली ती तुमच्या देशाचं नाव घेऊन आमच्या दारात उतरली, तेव्हा तू आणि मी त्या चुकीच्या नात्यानं बहिणी. लकोटात बाईच्या मोठ्या बहिणीला चुवे म्हणतात. मी तिला तेव्हापासून चुवेच म्हणते, इथंही तेच लिहिते.

यंदा जूनच्या शेवटी ती म्हणाली आईकडं जातेय आठवडाभर, मामाचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, क्विल्ट (त्यांच्याकडच्या गोधड्या) शिवायच्यात, हात कमी पडतायत, येतेस का? शिवणकाम येतं का असं नाही विचारलं, नुसतं येतेस का. मी गेले.

दिवस पहिला

पहाटे पाचला निघालो. चुवेच्या गाडीत मागं तीन पोती कापड, माझ्याकडं चिवडा, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या आजीनं शिवलेली एक गोधडी. शिवाय तंबाखूची पुडी. ही चुवेनंच घ्यायला लावली, कारण मोठ्या माणसाकडं काही विचारायला, शिकायला जायचं तर हातात तंबाखू द्यायची अशी पद्धत. ओढायला नव्हे, मान म्हणून. आपल्याकडं पानसुपारी पुढं करतात तसंच की.

पहिला थांबा मॅनकेटो, घरापासून दीड तासावर. या गावावरून मी कितीतरी वेळा गेलेय, पेट्रोल भरलंय, कॉफी घेतलीय आणि पुढं गेलेय. यावेळी चुवेनं नदीजवळ गाडी लावली. तिथं एक छोटी बाग आहे, दगडी बायसनचा पुतळा आणि ३८ नावं. २६ डिसेंबर १८६२ ला इथं ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली, अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक फाशी. डकोटा म्हणजे लकोटांचे पूर्वेकडचे भाऊबंद, सगळे मिळून ओचेती शाकोविन, सात चुलींची माणसं (शब्दशः सात शेकोट्या, पण मला चूल जास्त बरोबर वाटते). जमीन घेऊन त्या बदल्यात द्यायचे ठरलेले पैसे सरकारनं वेळेत दिले नाहीत, माणसं उपाशी मरायला लागली, त्यातून लढाई पेटली. ३०३ जणांना फाशी सुनावली होती, लिंकननी बहुतेकांची माफ केली आणि ३८ ठेवली. लिंकनबद्दल आपण शाळेत जे शिकतो त्यात हे नसतं. चुवेनं चिमूटभर तंबाखू खाली ठेवली, काही बोलली नाही, आम्ही निघालो.

मग पूर्ण दुपार मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन. चेंबरलेनला मिसुरी नदी लागते आणि तिथं हायवेच्या कडेला टेकडीवर ५० फुटी स्टीलची बाई उभी आहे, डिग्निटी तिचं नाव, २०१६ साली उभारली. तिनं पाठीमागं दोन्ही हातांनी क्विल्ट पसरून धरलीय आणि त्या क्विल्टवरच्या निळ्या शंकरपाळ्या वाऱ्यानं हलतात. मी पुतळ्यांच्या प्रेमात पडणारी नाही पण इथं मी बराच वेळ बसले. चुवे म्हणाली नीट बघून घे, उद्यापासून हेच शिवायचंय.

नदी ओलांडली की जमीन बदलते. झाडं संपतात, गवत सुरू होतं. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात या नदीच्या पश्चिमेचा आत्ताच्या साउथ डकोटाचा सगळा भाग लकोटांचा म्हणून लिहून दिला होता, त्यात ब्लॅक हिल्स हे त्यांचे पवित्र डोंगरही आले. तो तह सहजी झाला नव्हता, रेड क्लाउड नावाच्या ओग्लाला नेत्यानं दोन वर्षं लढून लष्कराला आपले किल्ले सोडून जायला लावले होते. चुवे हे गाडी चालवत सांगत होती, आणि आम्ही तासन्‌तास जात होतो तरी ती "लिहून दिलेली" जमीन संपत नव्हती. नकाशावर बघून जे कळलं नसतं ते चाकांखाली कळलं. घड्याळ एक तास मागं गेलं, कडोकाहून दक्षिणेला वळलो, रेडिओवर किली लागलं, ९०.१, लकोटांचं स्वतःचं स्टेशन, १९८३ पासून चालू आहे. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाची गाय हरवलीय, मग ढोल आणि गाणं. पॉर्क्युपाईनजवळच्या घरी पोचलो तेव्हा उजेड होता अजून. दारात दोन बायका उभ्या होत्या. चुवे दोघींनाही इना म्हणाली. इना म्हणजे आई.

दिवस दुसरा

दोन इनांचा उलगडा सकाळी कॉफीवर झाला. लकोटात आईची बहीण ही आईच, तिला वेगळा शब्द नाही. वडिलांचा भाऊ हा वडीलच, त्याला लकोटात आते म्हणतात. पण वडिलांची बहीण वेगळी, तुन्विन, आणि आईचा भाऊ वेगळा, लेक्शी. मी म्हणलं थांबा थांबा, आमच्यात पण आत्या वेगळी, मामा वेगळा, काका वेगळा, आणि मावशीला शब्द वेगळा असला तरी म्हण आहे, माय मरो पण मावशी जगो. हे इंग्रजीत सांगायला मला फार कष्ट पडले कारण इंग्रजीत सगळ्या आँटी आणि सगळे अंकल. चुवेनं आईला लकोटात सांगितलं, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या. मोठी इना मग म्हणाली, तुझी आई लांब आहे ना, मग इथं तुला दोन आहेत. तेव्हापासून मला चुंक्शी म्हणायला लागली, चुंक्शी म्हणजे लेक. हे गोड बोलणं म्हणून नाही लिहीत. नात्याचा शब्द लावला की त्याबरोबर कामं लागतात, हे पुढच्या तासाभरात कळलं. भांडी घास, बाळाला घे, म्हाताऱ्या तुन्विनच्या पायाला तेल लाव. पाहुणी म्हणून कुणी खुर्ची दिली नाही आणि मला ते फार फार बरं वाटलं.

नात्यागोत्याच्या या सगळ्या गोतावळ्याला ते तियोश्पाये म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणं जावयानं आणि सासूनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, मान म्हणून, हेही ऐकलं. आमच्या आजोबांसमोर आजी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही ते आठवलं. सगळं सारखं असतं असं मी म्हणणार नाही, पण मान हा शरीरानं, बोलण्यानं दाखवायचा असतो हे दोन्हीकडं आहे. भाषेतही. बाई बोलली तर वाक्याच्या शेवटी वेगळा शब्द, पुरुष बोलला तर वेगळा, पुरुष "येलो" लावतात. मी जाते, तो जातो, याची आम्हाला सवय असल्यानं मला ते चटकन पटलं. आणि होकाराला हाँ म्हणतात, अगदी आपल्या हिंदीसारखं नाकात!

दुपारी टिम्प्सिला काढायला गेलो. हे गवताळ रानातलं एक कंद, लहान सलगमासारखं, वरचं झाड जांभळ्या फुलांचं, अंगावर लव. जूनमध्येच मिळतं, जुलै लागला की वरचं झाड तुटून वाऱ्यावर जातं आणि मग कंद कुठंय ते कळत नाही. जून महिन्याचं लकोटा नावच या कंदावरून आहे. धाकटी इना पहार घेऊन पुढं, आम्ही मागं. जमीन अशी कडक की पहार वाजते. ती म्हणाली एक सापडलं की त्याच्या फांद्या कुठं बोट करतात बघ, तिकडं दुसरं असतं, ती एकमेकांची माहिती देतात. खरंच दोनदा सापडलं तसं. कंद काढला की वरचं बी असलेलं झाड परत त्याच खड्ड्यात ठेवून माती ओढायची, न चुकता. घरी येऊन काळी साल सोलली, आत पांढरं शुभ्र, कच्चं खाल्लं तर ओल्या शेंगदाण्याच्या आणि शिंगाड्याच्या मधली चव. मग त्यांच्या शेपट्यांची वेणी घालून टांगायचं, आमच्याकडं लसणाची घालतात तशी. लसणाची वेणी मला येते, त्यामुळं या एका कामात मला कुणी शिकवावं लागलं नाही.

जेवायला बायसनचं सूप, फ्रायब्रेड आणि वोझापी, म्हणजे चोकचेरी या रानफळाचा दाट गोड रस. फ्रायब्रेड दिसायला मोठ्या भटुऱ्यासारखं. मी तिसरं घेतलं तेव्हा चुवे म्हणाली, हे आमचं जुनं अन्न नाही गं, बायसन मारून संपवले, आम्हाला रिझर्वेशनमध्ये कोंडलं, मग सरकारनं रेशन दिलं, मैदा, साखर, चरबी, त्यातून बायकांनी हे केलं. पोरांना जगवलं यानं, आणि डायबेटीसही यानंच दिला. ती डायबेटीसच्या वॉर्डातच काम करते. कोट्यवधी बायसन होते ते १८८० च्या दशकाच्या शेवटी हजाराच्या आत आले, आणि जे खाऊन, पांघरून, ज्याचे तंबू करून माणसं जगत होती तेच गेल्यावर लढणार कशावर.

रात्री आजीची गोधडी काढली. मोठ्या इनानं ती उलटी करून मागचा टाका बघितला. मी ते बघूनच ओळखलं की ही बाई शिवणारी आहे, बाकीचे लोक पुढून बघतात.

दिवस तिसरा

वूंडेड नी घरापासून पंधरा मिनिटांवर. चुवे म्हणाली आपण सकाळीच जाऊ, नंतर ऊन होतं, आणि आल्यावर शिवायला बसू, म्हणजे हाताला काम असेल.

हे मी वाचून गेले होते. सिटिंग बुल या लकोटा नेत्याला १५ डिसेंबर १८९० ला मारलं, घाबरून बिग फूट हा दुसरा नेता आपली सुमारे ३५० माणसं घेऊन थंडीत पाईन रिजकडं निघाला, त्यात बहुसंख्य बायका आणि पोरं, तो स्वतः न्यूमोनियानं गाडीत झोपलेला. २८ तारखेला लष्करानं त्यांना अडवलं ते याच पॉर्क्युपाईनच्या टेकडीपाशी, जिथं आज किली रेडिओ आहे. म्हणजे इनाच्या खिडकीतून जी टेकडी दिसते तीच. मी दोन दिवस त्या टेकडीकडं बघत कॉफी पीत होते! २९ ला सकाळी शस्त्रं गोळा करताना एक गोळी सुटली आणि सातव्या घोडदळानं आजूबाजूनं आणि वरच्या टेकाडावरच्या चार हॉचकिस तोफांनी मारायला सुरुवात केली. अडीचशे ते तीनशे माणसं गेली. ओढ्यातून पळणाऱ्या बायकांची प्रेतं कोसावर सापडली. मग बर्फाचं वादळ आलं, आणि ३ जानेवारीला ज्या टेकाडावर तोफा होत्या तिथंच लांब खड्डा खणून १४६ जणांना एकत्र पुरलं. यात भाग घेतलेल्या सैनिकांना वीसच्या आसपास मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकन सैन्यातली सगळ्यात मोठी पदकं, दिली गेली, आणि ती परत घ्या म्हणून लोक आजही मागतायत.

तिथं गेल्यावर काय दिसतं, तर फारसं काही नाही. एक लाल बोर्ड, टेकाडावर जाणारी कच्ची वाट, वर विटांच्या खांबांची कमान, साध्या तारेच्या जाळीचं कुंपण, त्यावर बांधलेली रंगीत कापडं, आणि एक दगडी स्तंभ. तिकीट नाही, फोन काढावासा वाटला नाही. आजूबाजूला आत्ताच्या कबरी आहेत, लोक अजूनही आपली माणसं तिथं आणतात. चुवेचा मामाही तिथून थोड्या अंतरावर आहे. तिनं त्याच्यासाठी कॉफी नेली होती थर्मासमध्ये, ती ओतली.

मग ती गवतात बसली आणि तिनं जे सांगितलं ते मी वाचलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी जखमींना पाईन रिजच्या चर्चमध्ये आणलं, बाकं काढून खाली गवत पसरलं, आणि नाताळ नुकताच झालेला म्हणून छताला हिरव्या माळा तशाच होत्या. त्यांच्यावर उपचार करायला जो सरकारी डॉक्टर होता तो स्वतः डकोटा, चार्ल्स ईस्टमन, त्याच वर्षी बोस्टनहून डॉक्टर होऊन आलेला, पहिलीच नोकरी. वादळानंतर तो माणसं घेऊन रणभूमीवर कुणी जिवंत आहे का शोधायला गेला, आणि बर्फाखाली काही जण खरंच जिवंत मिळाले. आणि हा ईस्टमन कोण, तर १८६२ च्या त्या लढाईनंतर ज्याच्या वडिलांना पकडलं होतं, फाशी दिलं असंच घरी समजत होते, आणि आजी त्याला घेऊन कॅनडात पळाली होती, तो चार वर्षांचा पोरगा. म्हणजे मॅनकेटोपासून इथपर्यंत आम्ही ज्या रस्त्यानं आलो तो एका माणसाच्या आयुष्याचा रस्ता होता. चुवे म्हणाली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मला सोडून घरी यायचं होतं, तेव्हा लेक्शीनं मला इथं आणून ही गोष्ट सांगितली आणि परत पाठवलं. ज्या लेक्शीसाठी आम्ही क्विल्ट शिवतोय तोच.

१९७३ मध्ये इथंच ७१ दिवस अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचे लोक ठाण मांडून बसले होते, ती चळवळ आमच्या मिनिआपोलिसलाच १९६८ ला सुरू झाली. मोठी इना तेव्हा शाळकरी पोर, तिला रात्री आकाशात उडणारे दिवे आणि गोळ्यांचे आवाज आठवतात. आणि २०२२ मध्ये ओग्लाला आणि शायेन रिव्हर या दोन जमातींनी मिळून इथली ४० एकर जमीन खासगी मालकाकडून पाच लाख डॉलर देऊन विकत घेतली. आपल्याच माणसांची दफनभूमी विकत घ्यायला लागली, हे वाक्य मी तिथं मनात तीन-चारदा म्हणून बघितलं.

दुपारभर शिवलं. कुणी फार बोललं नाही.

दिवस चौथा

आज बॅडलँड्स. लकोटात माको शिचा, म्हणजे वाईट जमीन, इंग्रजी नाव त्याचंच भाषांतर. पट्ट्यापट्ट्यांचे गुलाबी पिवळे मातीचे कडे, बघतच राहावं असे, पण टुरिस्ट उत्तरेकडं जातात, आम्ही दक्षिणेकडं गेलो जो भाग रिझर्वेशनमध्येच येतो. १९४२ ला हवाई दलाला बाँब टाकण्याच्या सरावासाठी जागा हवी होती म्हणून इथली तीन लाख एकरांवर जमीन घेतली, शंभरावर कुटुंबांना थोड्या दिवसांच्या मुदतीत घरं सोडायला लावली. त्यातला एक म्हातारा ड्यूई बिअर्ड. हा पोरवयात १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत होता जिथं अमेरिकन लष्कराचा अधिकारी कस्टर मारला गेला, मग वूंडेड नीला स्वतः जखमी झाला आणि आईवडील, बायको, तान्हं मूल गमावलं, त्यानंतर परत संसार उभा केला, घोडे पाळले, आणि ऐंशीच्या पुढं गेल्यावर त्याच सरकारनं बाँबच्या सरावासाठी त्याला घरातून काढलं. हे एकाच माणसाचं आयुष्य आहे. मला कुणी लकोटा इतिहास कुठून वाचू विचारलं तर मी म्हणेन या एका माणसापासून सुरू करा.

संध्याकाळी इनाचा चुलतभाऊ आला, त्याच्याकडं वानियेतु वोवापी, हिवाळ्यांची मोजणी. पूर्वी बायसनच्या कातड्यावर असायची, याची कापडावर आहे, त्याच्या पणजोबाच्या मोजणीवरून उतरवलेली. पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत एक वर्ष, आणि प्रत्येक वर्षाला एकच चित्र, मोठी माणसं बसून ठरवणार की या वर्षाचं नाव काय. आकडा नाहीच. अंगावर लाल ठिपके असलेला माणूस म्हणजे देवीच्या साथीचं साल. एक चित्र त्यानं मला बोटानं दाखवलं, नुसत्या चांदण्याच चांदण्या. तारे पडले तो हिवाळा. नोव्हेंबर १८३३ मध्ये लिओनिड उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला होता, तो जवळजवळ प्रत्येक मोजणीत आहे, आणि त्यावरूनच अभ्यासकांनी बाकीच्या चित्रांची सालं जुळवली. मी म्हणलं माझी आजी पण असंच मोजायची, माझ्या आईचा जन्म पानशेत फुटलं त्या साली, मामाचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात, तारीख विचारली तर सांगता यायची नाही पण साल पक्कं. तो म्हणाला मग तुझ्या आजीची मोजणी कुणी काढून ठेवलीय का? नाही काढली. आजी जाऊन अकरा वर्षं झाली.

दिवस पाचवा

ब्लॅक हिल्स, लकोटात 'हे सापा'. पाच वर्षांपूर्वी सासूसासरे आले होते तेव्हा आम्ही इथं आलो होतो, माउंट रशमोरला दोन तास, फोटो, आईस्क्रीम, परत. आज चुवेनं तिथं गाडी थांबवली नाही, नुसतं म्हणाली त्या डोंगराला तुन्काशिला शाक्पे म्हणतात, सहा आजोबा. १९२७ ते १९४१ त्याला फोडून चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे केले. आता मला तो जुना फोटो बघवत नाही, घरी आल्यावर भिंतीवरून काढलाय.

पैशांची गोष्ट आपल्या लोकांना खरी वाटत नाही म्हणून नीट लिहिते. १८७४ ला कस्टरच्या तुकडीला या डोंगरात सोनं सापडलं, खाणवाले घुसले, १८७७ ला काँग्रेसनं कायदा करून डोंगर घेऊन टाकले, तहात लिहिलेलं होतं की तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची सही असल्याशिवाय जमीन घेता येणार नाही, ती सही नव्हती. लकोटा कोर्टात गेले, पिढ्यान्‌पिढ्या केस चालली, १९८० ला सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की हो, योग्य मोबदला न देता घेतली, आणि व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली. लकोटांनी घेतली नाही. ते पैसे सरकारी खात्यात पडून वाढत वाढत शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेलेत आणि अजूनही घेतलेले नाहीत. ज्या घरात मी राहिले तिथं उन्हाळ्यात पंखा आणि हिवाळ्यात लाकडाची शेगडी आहे, पैशाची गरज नाही असं कोण म्हणेल. मी चुवेला विचारलं की घ्यावेत असं कुणालाच वाटत नाही का? ती म्हणाली वाटतं काहींना, बोलतात पण, पण घेतले की विकले असं होतं, आणि आईला विकतात का.

मग विंड केव्ह. लकोटा माणसं जमिनीतून वर आली ती इथून. खाली राहत होती, इक्तोमी नावाच्या कोळी किड्यानं, तो फार लबाड, वरच्या जगाचं आमिष दाखवून काहींना वर आणलं, वर आल्यावर हाल झाले, आणि त्यांच्यासाठी जे मागाहून आले ते बायसन झाले, आपलं मांस देऊन जगवायला. अशी थोडक्यात, पूर्ण गोष्ट सांगण्याचा हक्क माझा नाही. गुहेचं मूळ तोंड अगदी लहान आहे, माणूस मुश्किलीनं शिरेल असं भोक. चुवेनं माझा हात त्यापुढं धरला. आतून वारा येत होता, थंडगार, जोरात. बाहेरच्या हवेचा दाब कमीजास्त होतो तसा वारा कधी बाहेर येतो कधी आत जातो हे मला माहीत आहे, बोर्डवर पण लिहिलंय. लकोटात या जागेला जमीन श्वास घेते अशा अर्थाचं नाव आहे. दोन्ही खरंच आहे. बाहेर माळावर बायसनचा कळप होता, १९१३ ला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून रेल्वेनं आणलेल्या १४ जनावरांपासून वाढलेला. चुवे त्यांना काहीतरी म्हणाली, हळू, मी विचारलं नाही.

परतताना तिनं बोट करून ब्लॅक एल्क शिखर दाखवलं. २०१६ पर्यंत त्याला हार्नी पीक म्हणत, आणि हार्नी म्हणजे ज्यानं १८५५ ला लकोटांच्या छावणीवर हल्ला करून बायकापोरं मारली तो जनरल. एवढी वर्षं यांनी आपल्या सगळ्यात पवित्र शिखराकडं बघताना त्याचं नाव घ्यायचं.

दिवस सहावा

आज फक्त शिवण. स्टार क्विल्ट म्हणजे मध्ये आठ पाकळ्यांचा मोठा तारा, पहाटेची चांदणी. प्रत्येक पाकळी छोट्या छोट्या शंकरपाळी आकाराच्या तुकड्यांची, आमच्या क्विल्टला एका पाकळीत ४९, म्हणजे ३९२ तुकडे. तिरक्या कापाचं कापड ओढलं की ताणतं, जरा ताणलं की ताऱ्याचं पोट फुगतं, मग सगळं उसवायचं. माझी एक पाकळी दोनदा उसवली धाकट्या इनानं, न रागावता. क्विल्टिंग या बायका मिशनऱ्यांच्या बायकांकडून शिकल्या, पण बायसनचं कातडं पांघरायची जी जागा रिकामी झाली होती तिथं त्यांनी ही आणून बसवली. जन्माला, पदवीला, सैन्यातून पोरगं परत आलं तर, आणि गेलेल्याच्या नावानं. वर्षश्राद्धाला घरचे काही घेत नाहीत, देतात. वर्षभर शिवून जमवून सगळं वाटून टाकायचं. सरकारनं १८८३ पासून त्यांचे विधी, सन डान्स, हे वाटणं, सगळ्यावर बंदी आणली होती, गुन्हा ठरवला होता, आणि धर्म पाळायचं स्वातंत्र्य कायद्यानं मिळालं ते १९७८ ला! मोठी इना हा कायदा व्हायच्या आधी जन्मली. तिच्या आईला लहानपणी बोर्डिंग शाळेत लकोटा बोलली म्हणून साबणानं तोंड धुतलं होतं. ती आई नंतर पोरांशी लकोटा बोलायचीच नाही, भीतीनं. इना भाषा शिकली ती आजीकडून, मागच्या दारी.

मला माझी लेक आठवली, रविवारी मराठी शाळेला जायचा कंटाळा करते आणि मी पण म्हणते जाऊदे. तिचं तोंड कुणी साबणानं धुतलेलं नाही.

संध्याकाळी जेवणाआधी इनानं एका बशीत प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा घास काढला आणि बाहेर नेऊन ठेवला, गेलेल्यांसाठी. मला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही, आमच्याकडं पान वाढतात. मी माझ्याकडचा बेसनाचा लाडू त्यावर ठेवू का विचारलं. हाँ म्हणाली.

रात्री अकराला क्विल्टची शेवटची बाजू राहिली. मी सांगितलं की माझी आजी गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत पोळीचा एक तुकडा घालायची. चुवेनं विचारलं का? म्हणलं गोधडी उपाशी राहू नये म्हणून. चुवेनं लकोटात सांगितलं. दोघी इना गप्प झाल्या आणि मला वाटलं मी चुकीचं बोलले, दुसऱ्यांच्या श्राद्धाच्या वस्तूत आपली रीत घुसवली. मोठी इना उठून स्वयंपाकघरात गेली. मागच्या उन्हाळ्याचं वाळवण होतं, चोकचेरी बियांसकट दगडानं ठेचून त्याच्या चपट्या वड्या करून वाळवतात. त्या वड्या लेक्शीला फार आवडायच्या म्हणे. तिनं नखाएवढा तुकडा मोडला, माझ्या हातावर ठेवला आणि कोपरा उघडून धरला.

दिवस सातवा

सकाळी सहाला निघालो. टिम्प्सिलाची एक वेणी माझ्या मांडीवर, मागची पोती रिकामी. आजीची गोधडी मी इनाच्या पलंगावर ठेवून आलेय. क्विल्ट ऑगस्टमध्ये कुणाला तरी जाईल, कुणाला ते मला माहीत नाही. मिसुरी ओलांडेपर्यंत किली लावलं होतं, चेंबरलेनच्या अलीकडं कुठंतरी आवाज खरखरत खरखरत गेला.